वेस्टर्नपटांचे चाहते आणि समीक्षेची सोय

१

वेस्टर्नपटांच्या चाहत्यांना कोणत्या नावाने ओळखावयाचे, हे समीक्षेने फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. ते नाव म्हणजे 'स्मरणरंजन'. जॉन फोर्डचा 'स्टेजकोच' (१९३९) किंवा 'द सर्चर्स' (१९५६) पुन्हा पुन्हा पाहणारा, 'गनस्मोक' ह्या मालिकेचे जुने भाग जमवून ठेवणारा, जॉन वेनची चाल लांबूनही ओळखणारा प्रेक्षक हा समीक्षेच्या लेखी एक हरवलेला, बहुधा कधीच नसलेला भूतकाळ कुरवाळीत बसलेला माणूस असतो. एकदा हे नाव दिले, की त्याच्याविषयी आणखी काही विचारण्याची गरज उरत नाही. त्याला ह्या चित्रपटांत नेमके काय दिसते, कशापाशी तो थांबतो, काय त्याला खटकते आणि खटकूनही तो का परत येतो, हे सारे प्रश्न त्या एका शब्दाच्या पोटात गडप होतात.

प्रस्तुत विवेचनाचा रोख ह्या सोयीवर आहे. वेस्टर्नपट निर्दोष आहेत, असे येथे सुचवावयाचे नाही. एका खंडाच्या मूलनिवासींची भूमी बळकावली गेली, त्यांच्याशी केलेले करार मोडले गेले, आणि पुढे ह्याच घटनाक्रमातून एक करमणुकीचा प्रकार उभा राहिला. ही गोष्ट कोणत्याही आस्वादाच्या आड दडविता येणार नाही. तक्रार आहे ती वेगळी. एखाद्या कलाप्रकारातील विचारप्रणाली उघडी पाडली की त्यावर प्रेम करणाऱ्याचे मनही आपोआप उघडे पडले, असे मानण्याची जी सवय समीक्षेला जडली आहे, ती तिच्याच मूळ कर्तव्याला बाधक आहे. हे प्रेम एकजिनसी नाही. त्याचे निदान दोन परस्परविरोधी प्रकार आहेत, आणि त्यांच्यात विवेक करणे हे समीक्षेचे काम होते. ते काम तिने टाळले आहे, असा येथील आरोप आहे.

२

प्रथम स्मरणरंजनाचाच विचार करू. स्मरणरंजनासाठी आधी स्मरण लागते. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेच्या अहवालाने वसाहतीची सलग सरहद्द आता दाखविता येत नाही असे नमूद केले. १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर ह्या इतिहासकाराने शिकागो येथे वाचलेल्या निबंधात त्याच नोंदीवर आपला सरहद्दीचा सिद्धान्त उभारला. टेक्ससमधून कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांकडे गुरांचे प्रचंड कळप हाकीत नेण्याचा काळ तर यादवी युद्धानंतरच्या जेमतेम वीस वर्षांचा. ओवेन विस्टरची 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी १९०२ ची. एडविन पोर्टरचा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा लघुपट १९०३ चा, आणि त्याचे चित्रीकरण झाले ते पूर्वेकडील न्यू जर्सीत. म्हणजे चित्रपटसृष्टीतला हा प्रकार जन्मला तेव्हाच त्याचा विषय संपलेला होता. १९५८–५९ च्या हंगामात अमेरिकी दूरचित्रवाणीवरील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या दहा कार्यक्रमांपैकी सात वेस्टर्न होते. ते पाहणाऱ्या शहरांतील आणि उपनगरांतील कुटुंबांना ज्याचे स्मरण व्हावे, असे त्या कार्यक्रमांत त्यांच्या आयुष्यातले काहीच नव्हते.

ह्यावर एक उत्तर तयार असते : चाहता पश्चिमेची आठवण काढीत नाही, तो आपल्या बालपणाची आठवण काढतो. हे उत्तर अंशतः खरे आहे. पण मग त्याच बालपणी पाहिलेल्या इतर कितीतरी गोष्टी का विसरल्या गेल्या, ह्याचा खुलासा त्यातून होत नाही. शिवाय जो प्रकार स्वतःच आपल्या अस्ताविषयी बोलतो, त्याच्या प्रेक्षकाला अस्ताचे भान नाही असे म्हणणे चमत्कारिक आहे. सॅम पेकिन्पाचा 'राइड द हाय कंट्री' आणि फोर्डचा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' हे दोन्ही चित्रपट १९६२ चे. पहिल्यात दोन म्हातारे बंदूकबहाद्दर मोटारगाडी आलेल्या जगात अडगळ होऊन वावरतात. दुसऱ्यात एका राजकारण्याची सारी प्रतिष्ठा एका खोट्या शौर्यकथेवर उभी आहे हे प्रेक्षकाला समजते, आणि ती कथा छापणारे वृत्तपत्र सत्य हाती आल्यावरही ते छापीत नाही. डॉन सीगलच्या 'द शूटिस्ट' (१९७६) मध्ये वेन आपली अखेरची भूमिका करतो : १९०१ साली कर्करोगाने मरावयास निघालेला बंदूकबाज. ह्या चित्रपटाच्या आरंभी त्या पात्राचे पूर्वायुष्य दाखविले आहे ते वेनच्याच जुन्या चित्रपटांतील तुकडे जोडून. स्मरणाची यंत्रणा कशी चालते हे पडद्यावर दाखविणाऱ्या कलाकृतीचा प्रेक्षक त्या यंत्रणेत अजाणता अडकतो, असे गृहीत धरण्यास आधार कोणता?

रॉबर्ट वॉर्शोने १९५४ मधील आपल्या निबंधात ह्याहून शहाणपणाची गोष्ट सांगून ठेवली होती. वेस्टर्न हा जाणकारांचा प्रकार आहे. त्यातील आनंद ठरीव व्यवस्थेच्या आतील लहानलहान फरक ओळखण्याचा आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. मराठी वाचकास हे नवे वाटू नये. एकाच रागातील एकच बंदिश शंभर वेळा ऐकणाऱ्या श्रोत्याला कोणी स्मरणरंजनात बुडालेला म्हणत नाही. सीतास्वयंवराचे आख्यान लावणाऱ्या कीर्तनकारापुढे बसलेल्या श्रोत्यांना धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक असते. तरी ते उठून जात नाहीत. पुनरावृत्ती हा आस्वादाचा दोष नव्हे, ती त्याची एक पद्धती आहे. रागसंगीताच्या श्रोत्याला जी जाणकारी सहज बहाल केली जाते, ती काउबॉयच्या चाहत्याला नाकारावयाची असेल, तर त्याचे कारण चाहत्यात नसून समीक्षेच्या प्रतवारीत शोधावे लागेल.

३

सत्तरीनंतरच्या समीक्षेने स्मरणरंजनाच्या जोडीला आणखी एक हत्यार घेतले. ते म्हणजे मिथकाचे विश्लेषण. विल राइटच्या 'सिक्सगन्स अँड सोसायटी' (१९७५) ह्या ग्रंथाने लेव्ही-स्ट्राउस आणि प्रॉप ह्यांच्या पद्धती वापरून वेस्टर्नपटांच्या कथानकांचे प्रकार पाडले, आणि बाजारपेठी अर्थव्यवस्थेकडून मोठ्या कंपन्यांच्या नियोजित अर्थव्यवस्थेकडे झालेल्या स्थित्यंतराशी कथानकांतील बदलांची सांगड घातली. ग्रंथ नेटका आहे, आणि पदव्युत्तर वर्गांत तो वाचला जावा इतका सुबोधही आहे. परंतु त्याचा पाया पाहावा. कोणते चित्रपट विश्लेषणासाठी घ्यावयाचे, हे राइटने वितरणातून मिळालेल्या उत्पन्नावरून ठरविले. किमान चाळीस लाख डॉलर मिळविलेला चित्रपट तो लोकप्रिय, आणि लोकप्रिय ते समाजमनाचे मिथक. प्रेक्षक येथे तिकीट फाडण्यापुरता येतो. त्याने चित्रपटगृहात काय केले, हे संरचनेने आधीच ठरवून ठेवले आहे. त्याला विचारण्याची आवश्यकता नाही.

रिचर्ड स्लॉटकिनचा 'गनफायटर नेशन' (१९९२) हा फार मोठ्या ताकदीचा ग्रंथ. सरहद्दीच्या मिथकाने विसाव्या शतकातील अमेरिकी राजकारणाला भाषा कशी पुरविली, केनेडींनी १९६० मध्ये 'नव्या सरहद्दी'ची घोषणा कशी दिली, व्हिएतनाममधील शत्रूच्या ताब्यातील प्रदेशाला अमेरिकी सैनिक 'इंडियन कंट्री' का म्हणत, हे त्यातून कळते. आणि ते कळल्यावर वेस्टर्नपट पूर्वीसारखा पाहता येत नाही. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तथापि राज्यकर्ते एखाद्या मिथकाचा कसा उपयोग करतात आणि प्रेक्षक त्या मिथकाशी कसा वागतो, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर म्हणजे दुसऱ्याचे उत्तर नव्हे. स्लॉटकिनच्या अनुयायांनी हा भेद पाळला नाही. संहितेतून विचारप्रणाली काढावयाची आणि विचारप्रणालीतून प्रेक्षक काढावयाचा, असा हा दुहेरी निष्कर्ष आहे. त्याची दुसरी पायरी हवेत आहे.

त्याच १९९२ साली जेन टॉम्पकिन्सचा 'वेस्ट ऑफ एव्हरीथिंग' प्रसिद्ध झाला. वेस्टर्नवर आपले प्रेम आहे, हे ती उघड सांगते, आणि मग त्या प्रेमासकट त्या प्रकारातील पुरुषी मौनाची, स्त्रियांच्या अवहेलनेची, मूलनिवासी माणूस म्हणून जवळजवळ अदृश्य असण्याची चिकित्सा करते. चिकित्सेसाठी प्रेम सोडावे लागत नाही, ह्याचा हा पुरावा आहे. समीक्षकाच्या ठिकाणी ही दुहेरी जाणीव संभवते, हे मान्य करण्यास कोणाची हरकत नसते. सामान्य प्रेक्षकाच्या ठिकाणी ती संभवत नाही, असे मात्र का मानले जाते?

४

ज्याने हा प्रश्न निकालात निघावयास हवा होता, तो निबंधही १९९२ चाच. जोएलेन शिव्हली ह्या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये आपल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशातील एका गावात तिने वीस मूलनिवासी पुरुष आणि वीस गोरे पुरुष निवडले. शिक्षण आणि आर्थिक स्थिती ह्या बाबतींत दोन्ही गट एकमेकांशी जुळणारे होते. त्यांना तिने 'द सर्चर्स' दाखविला आणि त्यांच्याशी ती बोलली. येथे चित्रपटाची निवड महत्त्वाची आहे. कोमांची टोळीने पळवून नेलेल्या पुतणीचा वर्षानुवर्षे शोध घेणारा, आणि ती त्यांच्यातलीच झाली असेल तर तिला ठार मारण्याचा मनसुबा बाळगणारा ईथन एडवर्ड्स हा त्याचा नायक. वेस्टर्नपटांतील वंशद्वेषाचे इतके उघडे चित्र क्वचितच सापडेल. त्यातील कोमांची म्होरक्या स्कार ह्याची भूमिका बर्लिनमध्ये जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने केली आहे. आणि टेक्सस म्हणून दाखविलेली भूमी प्रत्यक्षात नावाहो लोकांची मॉन्युमेंट व्हॅली आहे.

विचारप्रणालीचे गणित बरोबर असते, तर मूलनिवासी प्रेक्षकांनी हा चित्रपट झिडकारावयास हवा होता, किंवा तो आवडल्यास त्यांचे मन गुलाम झाले आहे असे तरी सिद्ध व्हावयास हवे होते. घडले ते वेगळेच. दोन्ही गटांना चित्रपट आवडला. दोन्ही गटांतील प्रेक्षक वेनच्या किंवा जेफ्री हंटरच्या पात्राशी समरस झाले. स्कारशी कोणीच झाले नाही. मात्र आवडण्याची कारणे विचारल्यावर दोन्ही गट पार वेगळे झाले. गोऱ्या प्रेक्षकांना त्यात आपल्या पूर्वजांचा खराखुरा इतिहास दिसला. आपण येथे कसे आलो आणि ही भूमी आपली कशी झाली, ह्याची कथा दिसली. मूलनिवासी प्रेक्षकांना ती कथा खरी आहे असे मुळीच वाटले नाही. त्यांना आवडले होते ते उघडे माळरान, घोडे, विनोद, अंगमेहनतीचे कौशल्य, आणि कोणाच्याही आज्ञेत नसलेल्या माणसाचे जगणे. काउबॉयचे ते स्वातंत्र्य त्यांनी आपल्याच जुन्या जीवनाच्या मापाने मोजून घेतले होते. शिव्हली महाविद्यालयात शिकणाऱ्या मूलनिवासी तरुणांशीही बोलली. त्यांनी असे चित्रपट साफ नाकारले. म्हणजे एकाच चित्रपटाला तीन प्रकारचे प्रतिसाद मिळाले, आणि त्यांपैकी एकही संहितेवरून आधी सांगता आला नसता.

ह्या निष्कर्षांसाठी सिद्धान्त पाश्चात्यांकडून उसना आणण्याचे कारण नाही. न. चिं. केळकरांनी मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना मराठी समीक्षेच्या अभ्यासकांना परिचित आहे. वाचक पात्राशी तद्रूप होतो, पण स्वतःला विसरून नव्हे. आपण 'तो' झालो आहोत आणि तरीही आपण 'आपणच' आहोत, ह्या दुहेरी जाणिवेतून वाङ्मयानंद उत्पन्न होतो, असे तिचे सार सांगता येईल. ह्या कल्पनेवर मराठीत पुष्कळ वाद झाला, आणि पुढे ती अभ्यासक्रमातील टिपांपुरती उरली. परंतु वेनच्या घोड्यावर स्वार होऊनही मूलनिवासी राहिलेल्या त्या वीस पुरुषांचे वर्णन करण्यास तिच्याइतका नेमका शब्द मिथकविश्लेषणाच्या साऱ्या परिभाषेत नाही. त्यांची समाधी सविकल्प होती. विचारप्रणालीची समीक्षा जिला प्रेक्षकाचे तादात्म्य म्हणते, ती निर्विकल्प समाधी होय. आणि अशी समाधी सामान्य प्रेक्षकाला लागते हे त्या समीक्षेने गृहीत धरले आहे, तपासलेले नाही.

केळकरांच्या कल्पनेत मात्र येथे एक भर घालावी लागते. विकल्प दोन आहेत. 'हा मी नव्हे' हा एक, आणि 'हे असे घडलेले नाही' हा दुसरा. पहिला विकल्प आस्वादाचा, दुसरा इतिहासाचा. मूलनिवासी प्रेक्षकांपाशी दोन्ही शाबूत होते. गोऱ्या प्रेक्षकांनी दुसरा गमावला होता. पडद्यावरील कथा हीच त्यांच्या आजोबांची हकीकत झाली होती. प्रेम दोघांचेही होते. एकाचे सजग, दुसऱ्याचे इतिहासाला पारखे. 'स्मरणरंजन' हा शब्द ह्या दोघांना एकाच दावणीला बांधतो, हा त्याचा खरा अपराध आहे.

५

चाहत्यांच्या कृतींकडे पाहिले तरी ते केवळ ग्रहण करणारे नाहीत, हे दिसून येते. 'गनस्मोक' १९५५ ते १९७५ अशी वीस हंगाम चालली. तिचे ६३५ भाग झाले. १९६७ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय सीबीएस ह्या वाहिनीने घेतला होता. प्रेक्षकांची आणि स्थानिक केंद्रांची नाराजी, आणि खुद्द कंपनीप्रमुख विल्यम पेली ह्यांची पसंती, ह्यांमुळे तो फिरला. मालिका पुढे आठ वर्षे चालली.

क्लेटन मूरचे प्रकरण अधिक बोलके आहे. 'द लोन रेंजर' ह्या मालिकेत (१९४९–५७) मुखवटाधारी नायकाची भूमिका बहुतेक वर्षे त्याने केली, आणि नंतरही तो त्या वेषात लोकांसमोर जात राहिला. नवा चित्रपट काढू पाहणाऱ्या हक्कधारक कंपनीने १९७९ मध्ये न्यायालयाकडून त्याच्यावर मनाईहुकूम मिळविला. मुखवटा घालून जाहीरपणे वावरावयाचे नाही. मूरने मुखवट्याच्या आकाराचा गडद काळा चष्मा वापरण्यास आरंभ केला. चाहते त्याच्या बाजूने उभे राहिले. १९८१ चा नवा चित्रपट कोसळला. आणि १९८४ मध्ये मूरला मुखवटा परत मिळाला. हक्कपत्रात मुखवटा कंपनीचा होता. तो कोणाच्या चेहऱ्यावर खरा आहे, हा निर्णय मात्र प्रेक्षकांनी स्वतःकडे ठेवला. भोळ्या प्रेक्षकाला एक मुखवटा दुसऱ्यासारखाच वाटला असता.

पण ह्याच प्रकरणाला आणखी एक बाजू आहे, आणि ती चाहत्यांच्या सोयीची नाही. मूरच्या शेजारी घोड्यावर बसलेला टोण्टो मोडकीतोडकी इंग्रजी बोलत असे. ती भूमिका करणारा जे सिल्व्हरहील्स हा कॅनडातील मोहॉक समाजात जन्मलेला नट. मूलनिवासी नटांना प्रशिक्षण मिळावे म्हणून त्याने लॉस एंजेलिसमध्ये कार्यशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. मुखवट्यासाठी जेवढा कळवळा दाटून आला, तेवढा टोण्टोच्या जिभेसाठी आला नाही. प्रेमाला कृती सुचते, हे खरे. ती कोणासाठी सुचते हेही विचारावयास हवे.

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो अमेरिकेत नव्हे, स्पेनमध्ये. सेर्जिओ लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) मधील अखेरचा प्रसंग घडतो ते दफनभूमीचे वर्तुळ बुर्गोस प्रांतातील एका खोऱ्यात स्पॅनिश सैनिकांकडून उभारून घेतलेले होते. पाच हजारांहून अधिक खोट्या कबरी, मध्ये दगडी फरसबंदी. चित्रीकरणानंतर सारे माती आणि गवताखाली गेले. २०१५ पासून चाहत्यांनी फावडी-कुदळी घेऊन ती फरसबंदी मोकळी केली, कबरींवर पुन्हा क्रूस रोवले, आणि २०१६ मध्ये तेथे चित्रपटाची पन्नाशी साजरी केली. ज्या दफनभूमीत कोणी पुरलेले नाही, तिच्यासाठी माणसे आपल्या सुटीचे दिवस मातीत घालवितात, हे दृश्य एकाच वेळी हृद्य आणि अस्वस्थ करणारे आहे. कारण त्याच बुर्गोस प्रांतात १९३६–३९ च्या यादवी युद्धातील खऱ्या सामूहिक कबरी आहेत. तेथे गोळ्या घालून पुरलेल्यांची हाडे त्यांच्या नातवंडांच्या हाती पडू लागली ती ह्याच शतकात. ह्या योगायोगावरून चाहत्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. खोट्या कबरी उकरल्यामुळे खऱ्या झाकल्या गेल्या असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु वेस्टर्नपटावरील प्रेमाची परीक्षा नेमकी येथेच होते. खोटी कबर उकरणाऱ्या हाताला खऱ्या कबरीची जाण आहे काय? असेल तर ते प्रेम सविकल्प. नसेल तर समीक्षेचा आक्षेप त्याला लागू पडतो.

६

म्हणून चाहत्यांच्या कैवाऱ्यांचीही येथे गय करता येत नाही. त्यांचा आवडता बचाव असा : 'ते चित्रपट त्या काळचे होते, आजच्या मापाने त्यांना मोजू नका.' हा बचाव वस्तुस्थितीला धरून नाही. मूलनिवासींशी केलेले करार अमेरिकी शासनाने कसे मोडले, ह्याचा पाढा हेलन हंट जॅक्सनने 'अ सेंचुरी ऑफ डिसऑनर' मध्ये वाचला तो १८८१ साली. पहिला वेस्टर्नपट निघण्यापूर्वी वीस वर्षे. सँड क्रीक येथे १८६४ मध्ये शायेन आणि अरापाहो वस्तीवर झालेल्या कत्तलीची चौकशी काँग्रेसच्या समितीने लगेच पुढच्या वर्षी केली होती. डेल्मर डेव्हसचा 'ब्रोकन ॲरो' आणि अँथनी मानचा 'डेव्हिल्स डोअरवे' हे मूलनिवासींची बाजू मांडू पाहणारे दोन्ही चित्रपट १९५० चे, म्हणजे 'द सर्चर्स'च्याही आधीचे. (दोहोंतही मूलनिवासी नायकाचे काम गोऱ्या नटाकडेच गेले, ही त्यांची मर्यादा.) तेव्हा 'त्या काळी' माणसांना ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असून जे टाळले गेले, त्याला काळाचे नाव देणे ही पळवाट आहे. जॉन वेनने १९७१ च्या मुलाखतीत गोऱ्यांच्या वर्चस्वाचे आणि मूलनिवासींकडून भूमी घेण्याचे जे समर्थन केले, तेही काळाचे नव्हते. त्या काळात त्याला विरोध करणारे आवाज चांगले मोठे होते. व्हाइन डेलोरिया ह्या सू विचारवंताचे 'कस्टर डाइड फॉर युवर सिन्स' हे पुस्तक १९६९ मध्येच आलेले होते.

ह्या बचावाचे आणखी एक अनिष्ट असे, की तो चित्रपटांनाच लहान करतो. फोर्डच्या 'फोर्ट अपाची' (१९४८) मध्ये एका हट्टी सेनाधिकाऱ्याने ओढवून घेतलेला पराभव शेवटी शौर्यगाथा म्हणून सांगितला जातो, आणि खरे काय घडले हे प्रेक्षकाने नुकतेच डोळ्यांनी पाहिलेले असते. ह्या विसंगतीतच त्या चित्रपटाचा सारा अर्थ आहे. 'तो त्या काळचा होता' असे म्हणणारा चाहता ती विसंगती पाहण्याचे नाकारतो, आणि मिथक उघडे पाडणारा समीक्षक ती आपणच शोधली असे समजतो. एक चित्रपटाला दोषमुक्त करतो, दुसरा दोषी ठरवितो. चित्रपट पाहावयाचा मात्र दोघांकडूनही राहून जातो.

७

मराठी वाचकाने ह्या वादात का पडावे? एक कारण असे, की हा वाद त्याच्याही घरचा आहे. 'मॅकेनाज गोल्ड' (१९६९) अमेरिकेत फारसा चालला नाही. भारतात, मुंबईसह, तो वर्षानुवर्षे गर्दी खेचीत राहिला. त्या गर्दीला ॲरिझोनाचे कसले स्मरण होते? १५ ऑगस्ट १९७५ रोजी आलेला 'शोले' वेस्टर्नचे घोडे, आगगाडी आणि माळरान घेऊन मुंबईच्या मिनर्व्हामध्ये पाच वर्षे चालला. स्मरणरंजनाचा सिद्धान्त ह्या प्रेक्षकांपाशी येऊन निरुत्तर होतो. मात्र दुसरा विकल्प आपल्या प्रेक्षकापाशी तरी होता काय, हेही विचारले पाहिजे. 'मॅकेनाज गोल्ड' मधील अपाची हे कोणी जिवंत, हयात असलेले लोक आहेत, ही जाणीव येथे कोणी करून दिली? 'रेड इंडियन' हा शब्द मराठी बालवाङ्मयात किती काळ निःशंकपणे वावरला, हे आठवून पाहावे.

दुसरे कारण अधिक जवळचे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयांतून त्या झिजेपर्यंत वाचल्या गेल्या. 'रंजनवादी' ह्या एका विशेषणाने मराठी समीक्षेने त्यांची आणि त्यांच्या वाचकांचीही बोळवण केली. त्या वाचकाला झुंजारच्या साहसात काय मिळत होते, कोणते विकल्प त्याच्यापाशी शाबूत होते आणि कोणते सुटले होते, हे शोधण्यासाठी त्याच्याकडे जावे लागले असते. शिव्हली जशी त्या चाळीस पुरुषांकडे गेली, तसे मराठीत कोण आणि किती गेले? सविकल्प समाधीवर निबंध लिहिणाऱ्यांनी ती समाधी लागलेल्या माणसाची भेट मात्र घेतली नाही. वाचककेंद्री समीक्षेची चर्चा परिसंवादांतून होत राहिली. तिच्या केंद्रस्थानी वाचक नव्हता, 'वाचक' ही संकल्पना होती.

समीक्षेने प्रेमाचे गोडवे गावेत, असा ह्याचा अर्थ नव्हे. तिने विवेक करावा, एवढीच अपेक्षा आहे. आणि विवेकासाठी आधी विचारपूस लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲरिझोनातील विंडो रॉक ह्या नावाहो राष्ट्राच्या राजधानीत लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) नावाहो भाषेत दाखविला गेला. कुरोसावाच्या 'योजिम्बो' (१९६१) वरून इटालियन दिग्दर्शकाने स्पेनमध्ये काढलेला हा चित्रपट. त्यात एकही मूलनिवासी पात्र मारले जात नाही, कारण त्यात मूलनिवासी पात्रच नाही. त्यातील बंदूकबाजांना आवाज दिले ते नावाहो माणसांनी. त्यांच्या वस्तुसंग्रहालयाने हा खटाटोप केला तो आपली भाषा कानावर पडत राहावी म्हणून, आणि त्यासाठी वेस्टर्न निवडला तो हा प्रकार आपल्या लोकांना आवडतो म्हणून. ज्यांच्या मॉन्युमेंट व्हॅलीत फोर्डने शत्रू उभे केले, ज्यांना कधी अपाची तर कधी कोमांची म्हणून घोड्यांवरून पाडले, त्यांच्या नातवंडांनी त्या प्रकाराच्या तोंडी आपली भाषा घातली. त्या प्रेक्षागृहात बसलेल्या वृद्धांना समीक्षा स्मरणरंजनात रमलेले म्हणेल, की मिथकाचे बळी म्हणेल? दोन्ही शब्द तिच्या हाताशी तयार आहेत. ते वापरण्यापूर्वी तिने त्यांच्या शेजारी बसून तो चित्रपट एकदा पाहावा.